गाडीनंच जाणार आहोत

लष्कर, ग्वाल्हेर
डिसेंबर 2025

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू, तंजावरला गाडीनं जाऊ नका म्हणून, बोललीस ते सगळं मी ऐकून घेतलं. बाबा शेजारीच बसले होते, तुझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता. तू काळजीनं बोलतेयस हे त्यांनाही कळलं. पण फोन ठेवल्यावर ते उठले आणि तंजावरची फाइल कपाटात ठेवून आले. जेवताना म्हणाले, "ती नको म्हणते तर राहू दे." मला ते काही गोड लागलं नाही. फोनवर निवांत बोलणं होत नाही, मधेच तुझी मीटिंग येते, म्हणून हे पत्र.

तिकिटं मी रद्द करणार नाही. फेब्रुवारीतली आहेत, चेन्नईपर्यंतची, दोन्ही खालचे बर्थ. आता आरक्षण साठच दिवस आधी सुटतं, म्हणून शेजारच्या मुलाला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसवलं होतं. साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो पटकन संपतो. मागल्या वेळी संपला होता आणि बाबांना वरचा बर्थ आला होता. एका भल्या मुलानं आपला खालचा दिला, नाहीतर त्या गुडघ्यानं ते वर चढले कसे असते? पैशाची चिंता करू नकोस. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंदच आहे, बाबांना चाळीस टक्के आणि मला पन्नास टक्के मिळायची ती गेली, पण माझी भिशी लागली आहे.

आता मागल्या हिवाळ्यातल्या रामेश्वरच्या प्रवासाबद्दल. तू तो आठवून घाबरतेस. तुला त्यातलं निम्मंच माहीत आहे, कारण बाबांनी सांगू दिलं नव्हतं. आज सगळं लिहिते, म्हणजे तुझ्या मनात त्याहून मोठं काही राहायला नको.

डिसेंबरअखेरचं धुकं. समोरचा फलाट दिसत नव्हता. गाडी दिल्लीहूनच उशिरा सुटलेली, आणि इथं दर तासाला आणखी एक तास पुढे ढकलली जात होती. शेवटी आली ती डबे उलटे लागून! पुढे येणार म्हणून सांगितलेला आमचा डबा पार मागे. गाडी थांबते दोन-चार मिनिटं, बाबांना पळता येत नाही. समोर जो डबा आला त्यात चढलो आणि आतून चालत, बॅगा ओढत, आपल्या जागेवर गेलो. हे तूही लक्षात ठेव, मुलांना घेऊन निघशील तेव्हा उपयोगी पडेल.

नागपूर गेल्यावर रात्रीच्या गोळ्यांची वेळ झाली. गोळ्या मोठ्या बॅगेत, बॅग बर्थखाली, तिला साखळी आणि कुलूप. बाबांनी किल्ली फिरवली आणि ती तुटली. अर्धी त्यांच्या चिमटीत, अर्धी कुलपात. ते दोन मिनिटं त्या तुकड्याकडे नुसते बघत राहिले. त्यांची बोटं थरथरत होती, ते मला आजही दिसतं. झाशीला चढलेल्या एका विद्यार्थिनीनं केसांतल्या पिननं खूप खटाटोप केला. मग डब्यातला मुलगा एसी मेकॅनिकला घेऊन आला. त्यानं पक्कड आणली, कुलपाला हातही न लावता साखळीचीच एक कडी पिळून तोडली. पैसे घ्यायला तयार नव्हता. दोन दशम्या आणि लसणीची चटणी मात्र आवडीनं खाल्ली.

चेन्नई सेंट्रलला उतरलो तेव्हा मध्यरात्र झाली होती. पुढची गाडी चेन्नईच्याच एग्मोर स्टेशनहून, आणि ती कधीच गेली होती. रिक्षानं एग्मोरला पोचलो तेव्हा बाबांचा गुडघा टम्म सुजलेला. प्रतीक्षालयात एक बाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नाही. त्यांनी बाबांच्या पायाकडे पाहिलं, आपल्या थर्मासमधलं गरम पाणी बाटलीत ओतलं, ती पंच्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. रात्रभर आम्ही शेकत बसलो. सकाळी त्या स्वतः काउंटरवर सोबत आल्या, आमच्यासाठी बोलल्या. दुपारच्या गाडीत जागा मिळाली. त्यांचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

रामेश्वरला तेव्हा रेल्वे जातच नव्हती. 1914 सालचा पांबनचा जुना पूल डिसेंबर 2022 पासून बंद होता, गाडी मंडपमलाच संपायची. आम्ही बसनं, रस्त्याच्या पुलावरून समुद्र ओलांडला. शेजारी तो रेल्वेचा पूल रिकामा उभा होता आणि बाबा खिडकीला कपाळ टेकून त्याच्याकडे बघत होते. आता 6 एप्रिल 2025 ला नवा पूल सुरू झाला आहे. जहाज आलं की मधला भाग सरळ वर उचलला जातो. त्यावरून गाडीनं जायचं हे त्यांनी त्याच दिवशी टीव्हीसमोर ठरवलं.

तू म्हणतेस विमानानं जा, तिकीट मी काढते. तुझं मन मला कळतं, आणि दर वेळी नाही म्हणताना मलाही वाईट वाटतं. पण ताई, आंघोळ करताना आजीनं शिकवलेला श्लोक तूही म्हणतेस ना? त्यातली नर्मदा बुदनीच्या पुढे गाडीच्या खाली येते. दुसऱ्या दिवशी मंचेरियलजवळ गोदावरी. विजयवाडा सोडलं की लगेच कृष्णा, तिचं पात्र संपता संपत नाही. मागल्या वेळी प्रत्येक पुलावर मी हात जोडले आणि डब्यातल्या अनोळखी बायकांनीही जोडले. श्लोकातली कावेरी आता तंजावरच्या वाटेवर. या नद्या माझ्या तोंडात साठ वर्षं आहेत, डोळ्यांनी आत्ता कुठे दिसायला लागल्या. विमानातून मला त्या दिसणार नाहीत.

आणि बाबांचं तंजावर. त्यांनी तुला कधी नीट सांगितलं नसेल, ते स्वतःबद्दल बोलतच नाहीत. आपल्या वाड्यातले शिंदेशाहीतले मोडी कागद ते लहानपणापासून वाचत आले. आपले पूर्वज उत्तरेत आले आणि इथलेच झाले. तसेच व्यंकोजीराजांबरोबरचे लोक दक्षिणेत गेले आणि तिथलेच झाले. शिवाजी महाराजांच्या या सावत्र भावाचं घराणं तिकडे पावणेदोनशे वर्षं राज्य करत होतं. राजराज चोळानं 1010 मध्ये पूर्ण केलेलं बृहदीश्वराचं देऊळ, आणि त्याच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांच्या वंशाचा इतिहास, मराठीत! बाबांना तो उभं राहून वाचायचा आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतले कागद आहेत, ते निदान काचेतून तरी बघायचे आहेत. काही घरांत आजही मराठी बोलतात म्हणे. तुझ्या लग्नात पुण्याच्या मंडळींनी आपल्या बोलण्यातल्या हिंदीबद्दल जे म्हटलं होतं, ते बाबांनी मनाला लावून घेतलं होतं, तुला ठाऊक नसेल. तंजावरची मराठी ऐकायची असं ते म्हणतात, तेव्हा त्यांना नक्की काय हवंय ते मला कळतं.

रोज रात्री ते फाइल उघडतात. सरफोजीराजे 1820 च्या सुमारास मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाले होते, ते कुठून कसे गेले असतील याच्या नकाशावर रेघा मारतात. परवापासून ती फाइल कपाटात आहे.

आता तयारी ऐक. फेब्रुवारी मुद्दाम निवडला. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पाऊस, आणि डिसेंबर-जानेवारीत इकडचा कोहरा. दोन्ही टळतात, ऊनही अजून तापलेलं नसतं. चेन्नईला पूर्ण एक दिवस मुक्काम, म्हणजे गाडी कितीही उशिरा पोचो, पुढचं काही चुकत नाही. इथंच तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि आम्हाला जाववेना, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरला की पूर्ण पैसे परत मिळतात, तेही शेजारच्या मुलाला सांगून ठेवलंय. गोळ्या माझ्या गळ्यातल्या कापडी पिशवीत, दुसरा संच बाबांच्या खिशात. कुलूप आकड्यांचं घेतलंय. डॉक्टरांनी गुडघा तपासला आणि जा म्हणून सांगितलं, फक्त दर दोन तासांनी डब्यातच चार पावलं चाला म्हणाले. दशम्या, तिखटामिठाच्या पुऱ्या, मेतकूट, आणि गजक. गजक स्टीलच्या डब्यात नेणार, मागल्या वेळी बॅगेखाली तिचा पार भुगा झाला होता. एग्मोरच्या त्या बाई पुन्हा भेटणार नाहीत हे कळतं, पण एक डबा जास्तीचा घेतेय.

तू एवढंच कर. दिवसातून एकदा, संध्याकाळी, फोन कर. गाडी कुठवर आली ते तुझ्या मोबाइलवर बघत राहा, पण उशीर दिसला म्हणून बाबांना विचारू नकोस, मला विचार. आणि रविवारी त्यांना स्वतः फोन लावून तंजावरबद्दल विचार. देवळाबद्दल, शिलालेखाबद्दल, काहीही. तू विचारलंस की ते फाइल बाहेर काढतील, माझ्या सांगण्यानं काढणार नाहीत.

परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. चेन्नईहून पुण्याला येणाऱ्या गाड्या आहेत. मुलांच्या परीक्षा कधी संपतात, आणि तेव्हा आठ दिवस आलो तर जावईबापूंची काही अडचण नाही ना, ते विचारून या आठवड्यात कळव. आरक्षण लवकरच उघडेल, खालचे बर्थ हातचे जायला नकोत.

सर्वांना आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझी,
आई