शाल-श्रीफळ द्या हो, पण आधी ती पाटी लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी असते की अमक्या रिक्षावाल्याने नाहीतर कॉलेजच्या पोराने कुणाचा तरी जीव वाचवला, खाली फोटो, हार, शाल, नारळ आणि मागे माजी नगरसेवक आणि त्यांचे बंधू. (बंधू प्रत्येक फोटोत का असतात हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मला आज त्यांच्याबद्दल बोलायचंय जे फोटोत नसतात, म्हणजे रस्त्यात अपघात दिसला की गाडी जरा स्लो करतात, मान वळवून बघतात आणि पुढे जातात. ही सगळी माणसं दगडाच्या काळजाची असतात असं मला अजिबात वाटत नाही. रक्ताला घाबरणारे थोडे असतात, बाकीचे घाबरतात ते नंतरच्या पोलीस-हॉस्पिटलच्या लफड्याला.

वाघोलीच्या त्या ताई आठवतात का, २०२२ च्या जानेवारीतल्या? बायकांचा ग्रुप मोराची चिंचोलीला ट्रिपला गेलेला, येताना मिनीबसच्या ड्रायव्हरलाच फिट आली, गाडीत पोरंबाळं रडायला लागली आणि या ताईंनी, ज्यांना कार चालवायची सवय पण बस कधी हातात घेतलेली नाही, सरळ स्टेअरिंग धरलं आणि ड्रायव्हरला दवाखान्यात पोचवलं. व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला. उद्या कुठे ठोकली असती तर कोण जबाबदार, पोलीस काय म्हणतील, हे डोक्यात आणत त्या बसल्या असत्या तर काय झालं असतं सांगा. २०२३ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा कोयता घेऊन मुलीच्या मागे लागलेल्याला अडवलं ते पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराने, ज्याला पोलीस केसमध्ये अडकणं सगळ्यात कमी परवडतं. आणि १५ जून २०२५ ला मावळातला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत पडला तेव्हाही मदतीला आधी धावले ते तिथलेच लोक. एनडीआरएफचं बचाव पथक येतं, १०८ ची अँब्युलन्स पण येते, पण पहिली काही मिनिटं जो तिथे उभा असेल त्याच्याच हातात असतात ना.

आता माझ्यासमोरचं सांगतो. मागच्या पावसाळ्यात सिंहगड रोडला एक डिलिव्हरीवाला पोरगा घसरून पडला, डोक्याला लागलं, एका रिक्षावाल्याने काही न विचारता त्याला आत घेतलं, मी पण बसलो बरोबर. जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात काउंटरवर पहिला प्रश्न काय, तर "तुम्ही पेशंटचे कोण?" दुसरा, "डिपॉझिट कोण भरणार?" मग रिक्षावाल्याचं नाव, मोबाईल, गाडीचा नंबर लिहून घेतला आणि वर सांगितलं की पोलीस येईपर्यंत जायचं नाही. बिचारा दोन तास धंदा बुडवून बाकड्यावर बसून राहिला, पोलिसाने पण असं विचारलं जसं काही यानेच उडवलंय. पोरगा वाचला, देवाची कृपा. पण जाताना रिक्षावाला मला म्हणाला, "काका, पुढच्या वेळी थांबणार नाय बघा." मी काय बोलणार त्याला!

गंमत अशी की यातलं काहीच कायद्यात बसत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१६ सालीच मदत करणाऱ्याच्या बाजूने निकाल दिलाय, २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, २०२० मध्ये नियमही निघाले. म्हणजे काय तर अपघातातल्या माणसाला चांगल्या मनाने मदत केलीत आणि पुढे त्याचं काही बरंवाईट झालं तरी तुमच्यावर केस होत नाही. नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती पोलीस करू शकत नाहीत. हॉस्पिटलने तुम्हाला थांबवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. साक्षीदार व्हायचं का नाही तेही तुमच्या मर्जीवर. वर केंद्र सरकारची बक्षिसाची योजना आहे, गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवलं तर, आधी ५ हजार होते, २०२५ पासून २५ हजार. डिपॉझिटचं म्हणाल तर अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार हेही त्याच वर्षी आलंय. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे विचारलं तर इंजिनिअर, बँकवाले, रिटायर्ड प्रिन्सिपॉल, एकालाही धड माहिती नव्हती. मग रिक्षा स्टँडवर कुणी जाऊन सांगितलं असणार?

आणि सगळ्यात कहर म्हणजे हे हक्क मराठीत, हिंदीत, इंग्लिशमध्ये हॉस्पिटलच्या दारात दिसतील असे लावायचे हेसुद्धा नियमातच आहे. आपलं पुणं पाट्यांसाठी जगात फेमस, चपला कुठे काढायच्या, बेल किती वेळा वाजवायची, दुपारी एक ते चार कुणाला उठवायचं नाही, सगळ्याच्या पाट्या आहेत, आणि ही एक पाटी मी ज्या हॉस्पिटलांत जाऊन बघितली तिथे एकातही मला दिसली नाही. कँटीनमध्ये बाहेरचे पदार्थ आणू नयेत ही मात्र सगळीकडे होती.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी अशा कुणाचा सत्कार छापाल तेव्हा शेजारी छोटी चौकट करून हे नियम साध्या मराठीत द्या, आणि तुमच्या रिपोर्टरला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या दारात पाठवून पाटी आहे का नाही ते बघायला लावा, नसेल तर तसं छापा. आरटीओने पण लायसन्सच्या टेस्टच्या वेळी हे सांगायला काय हरकत आहे, तिथे तसंही दोन तास बसायला लागतंच. चौकट जरा मोठ्या टायपात घ्या म्हणजे कापून लावता येईल, आमच्या भागातल्या रिक्षा स्टँडवर चिकटवायच्या झेरॉक्स मी स्वतःच्या खर्चाने काढतो.

आपला,
एक जुना वाचक,
आनंदनगर, सिंहगड रोड, पुणे