शिक्षकांच्या प्रशिक्षणाची केंद्रे तालुक्यात हवीत

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी किमान 50 तास व्यावसायिक विकासाची संधी मिळायला हवी. तासांचा हिशेब आपल्याकडे व्यवस्थित लागतो. काही तास ‘दीक्षा’ या शासनाच्या ऑनलाइन शिक्षण-मंचावरील चित्रफिती पाहून भरतात, काही पंचायत समितीच्या सभागृहात बसून, उपस्थितीपत्रक, लिंक आणि छायाचित्र यांची पूर्तता झाली की प्रशिक्षण झाले असे धरले जाते. 12 वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी प्रशिक्षणाशी जोडलेली असल्यामुळे पुष्कळ शिक्षकही त्याकडे वेतनाचा एक टप्पा म्हणूनच पाहतात. मीही तसेच पाहिले होते.

निवृत्तीच्या काही वर्षे आधी नागपुरात झालेल्या एका विभागीय प्रशिक्षणात गडचिरोली जिल्ह्यातील एका शिक्षिकेने विचारले की, घरी केवळ माडिया बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांना बेरजेची शाब्दिक उदाहरणे कळत नाहीत, तेव्हा काय करावे. तज्ज्ञांनी ‘वेळ उरल्यास घेऊ’ असे सांगून पुढची स्लाइड लावली, आणि वेळ काही उरला नाही. चहाच्या सुटीत मात्र भामरागडकडच्या एका गुरुजींनी त्यांना आपली रीत सांगितली. ते मोहफुलांचे ढीग समोर ठेवून मुलांकडून आधी माडियातच गोष्ट रचून घेत, तीच गोष्ट मग मराठीत आणत आणि अंक सर्वांत शेवटी फळ्यावर लिहीत. पाच दिवसांच्या त्या प्रशिक्षणातले आज माझ्या लक्षात आहे ते एवढेच.

अशा देवाणघेवाणीसाठी सगळेच नव्याने उभारावे लागेल असे नाही. 1986 च्या धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘डायट’, आली. तालुक्याला शिक्षकांच्या मदतीसाठीचे गटसाधन केंद्र आहे. शाळांच्या समूहाच्या केंद्रशाळेत शिक्षकांची शिक्षण परिषदही भरते. परंतु घटकसंच, म्हणजे प्रशिक्षणाचे ठरीव साहित्य, पुण्यात तयार होतो, राज्याचे सुलभक, म्हणजे प्रशिक्षक, जिल्ह्याला, जिल्ह्याचे तालुक्याला आणि तालुक्याचे केंद्राला शिकवतात, आणि या उतरंडीत कृती गळून शेवटी पीपीटी तेवढी उरते. गावातल्या वर्गाची अडचण मात्र उलट दिशेने पुण्याला तर नाहीच, नागपूरलाही पोहोचत नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झालेला आणि 1978 पासून जिल्हाभर पसरलेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तेथे शाळांच्या समूहासाठी ‘संगम केंद्र’ असे. शिक्षक महिन्यातून एकदा तेथे जमत आणि वर्गात आलेल्या अडचणी एकमेकांसमोर मांडत. त्यांच्या अनुभवांतून पुढे पाठ्यपुस्तकेही सुधारली गेली. शासनाने 2002 मध्ये तो बंद केला, ही गोष्ट वेगळी.

नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत झाडीबोली, गोंडी, माडिया, हिंदी आणि सिरोंचाकडे तेलुगू घरी बोलणारी मुले एकाच इयत्तेत शिकतात, तेव्हा एकच घटकसंच सर्वांना पुरणार नाही. म्हणून नागपूरच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रादेशिक संस्थेने आदेश पुढे पाठवण्यापेक्षा तालुक्यांचे प्रश्न गोळा करावेत आणि एका तालुक्यात जमलेली रीत दुसऱ्यापर्यंत न्यावी. तालुक्याचे प्रशिक्षण केंद्र असे असावे की शिक्षकाला जाऊन त्याच दिवशी घरी परतता येईल. गडचिरोलीपासून सुमारे 200 किलोमीटरवरच्या सिरोंच्यातील शिक्षकाला जिल्ह्याच्या ठिकाणचे केंद्र असून नसल्यासारखे आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दुपारी ते हमखास उघडे असावे. इमारत नको, गटसाधन केंद्रातील एक नीट खोली, पुस्तके, गणित-विज्ञानाचे साहित्य आणि दोन पूर्णवेळ माणसे पुरेत, मात्र त्यांच्याकडे माहिती संकलन, सर्वेक्षण वा निवडणुकीचे काम अजिबात देऊ नये आणि आठवड्याचे निम्मे दिवस त्यांनी शिक्षकांच्या वर्गात बसावे.

सर्वांत अवघड प्रश्न द्विशिक्षकी शाळांचा आहे, कारण एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग पडतात. अध्यापक विद्यालयांतील छात्राध्यापकांची आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, याच दिवसांना जोडून, त्यांना त्या शाळांत उरलेल्या शिक्षकाच्या सोबतीला पाठवता येईल. त्यांना बहुवर्ग अध्यापन प्रत्यक्ष पाहायला मिळेल, हा त्यातला आणखी लाभ.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरते. विभागातील आमदारांनी सहाही डायटमधील आणि गटसाधन केंद्रांतील मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांची तालुकावार माहिती सभागृहात मागावी, आणि ती मिळाल्यास आपल्या वृत्तपत्राने ती छापावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, नागपूर