बो मिळणार नाही

प्रिय लेकी,

क्लबच्या तिरंदाजी स्पर्धेत नाव दिलंस हे वाचून इतका आनंद झाला की पुढची ओळ नीट वाचायला वेळ लागला. "आई, तुझा बो पाठवशील?" माझं धनुष्य नाही पाठवणार. रुसू नकोस, आधी कारण ऐक.

माझ्या बोचे लिंब, म्हणजे वरची-खालची वाकणारी पाती, ३८ पौंडांचे, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागतो. हा आकडा २८ इंच ओढीला धरलेला असतो, आणि तुझे हात माझ्यापेक्षा लांब आहेत. एक इंच जास्त ओढलं की साधारण दोन पौंड वाढतात. नवीन माणसाला वीस-बावीस पौंड पुष्कळ झाले. झेपत नसलेला बो घेतला की खांदा वर चढतो, मान आखडते, आणि एकदा लागलेली ही खोड सहजी सुटत नाही. बाण तर बोपेक्षाही नखरेल. दोरीतून सुटताना तो वाकतो, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, आणि तसाच लवलवत पुढे जातो. त्याचा ताठपणा बोच्या ताकदीशी जुळावा लागतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक असला तर उजवीकडे. माझे बाण घेऊन उभी राहिलीस तर आपला रिलीजच, म्हणजे दोरी सोडणंच, खराब आहे असं समजून कष्टी होत बसशील. शिवाय तुझ्या ओढीला ते आखूड पडतील, आणि आखूड बाण रेस्टवरून, म्हणजे तो टेकवायच्या जागेवरून, मागे घसरला तर हातात घुसू शकतो. तेव्हा सध्या क्लबचाच बो वापर. अंगात फॉर्म बसला की मग मोजमाप करून तुझा तू घे. पैसे मी देईन.

स्पर्धेत भीती वाटायची का, असं विचारलंस. वाटायची की! पण तुला वाटतंय तिथे नाही. रेषेवर उभं राहिल्यावर पाय थरथरतात ते पहिल्या एंडपुरतं, म्हणजे बाणांच्या पहिल्या फेरीपुरतं. खरी भीती मला क्लिकरची होती. तो बघितलायस ना, रायझरवर, म्हणजे बोच्या मधल्या दांड्यावर, बसवलेली पोलादाची बारीक पट्टी? बाण तिच्याखालून मागे सरकतो, टोक निसटलं की ती टक् करून आपटते, आणि आवाज झाला की सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण शेवटचे एक-दोन मिलिमीटर पाठीच्या स्नायूंनी ओढायचे असतात, आणि त्याच वेळी समोर नेम धरायच्या साइटचा ठिपका लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यावर टेकलेला दिसत असतो. मन म्हणतं, सोड, आत्ताच सोड. एका मोसमात माझं असं झालं की ठिपका पिवळ्यावर यायलाच तयार नाही. लाल रंगावर अडकून राहायचा, जणू मध्ये काच आहे. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि भल्याभल्यांना तो होतो. आमच्या सरांनी काही व्याख्यान दिलं नाही. बटवरचा, म्हणजे बाण रुततात त्या जाड फळीवरचा, लक्ष्याचा कागद काढून टाकला आणि मला पाच पावलांवर उभं केलं. नेम नाही, गुण नाहीत. डोळे मिटून ओढायचं, टक् ऐकायचं, सोडायचं. बाकीचे सत्तर मीटरवर मारत असायचे आणि मी भिंतीशी बोलल्यासारखी कोपऱ्यात. चिडचिड व्हायची, पण हळूहळू कान आणि पाठ एकमेकांना ओळखू लागले आणि मग कागद परत लागला. तुला हे कधी झालंच तर सरांना लगेच सांग, लपवू नकोस. लपवलं की वाढतं.

आमच्या वेळी मोठी स्पर्धा म्हणजे फिटा राउंड. बायकांना ७०, ६०, ५० आणि ३० मीटर, प्रत्येक अंतरावर ३६ बाण, म्हणजे एकूण १४४. सगळे दहा लागले तर १४४०, आणि म्हणून आता त्याचं नाव १४४० राउंड. खुद्द फिटा या तिरंदाजीच्या जागतिक संस्थेनेही २०११ मध्ये वर्ल्ड आर्चरी असं नाव घेतलं. हल्ली बहुतेक ठिकाणी ७० मीटरवर ७२ बाणच मारतात. सहा-सहाचे बारा एंड, म्हणजे लक्ष्यापर्यंत जाऊन-येऊन जवळपास पावणेदोन किलोमीटर चाल होते, सरावाचे बाण वेगळे. शूज बरे घाल. लोक या चालण्याला मधला वेळ समजतात. माझ्या मते निम्मी स्पर्धा तिथेच होते.

कारण तू आणि तुझी प्रतिस्पर्धी एकाच बटकडे, शेजारी शेजारी चालत जाता. तिथे पोचल्यावर आपल्या बाणांचे गुण आपणच मोठ्याने सांगायचे, मोठ्यापासून लहानाकडे. बाकीच्या बघतात, आणि दोन कार्डांवर लिहिलं जातं. लिहून होईपर्यंत बाणाला किंवा कागदाला कोणी हात लावायचा नाही. बाणाची काडी रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो, आणि सगळी भांडणं त्या 'टेकली'वरच. माझ्या बटवर बऱ्याचदा एक बाई असायच्या, माझ्याहून वयाने मोठ्या, नेम चोख. जरा शंका आली की त्या हात वर करून जज बोलवायच्या. माझ्या बाणासाठी, आणि स्वतःच्या बाणासाठीही, अगदी तितक्याच तत्परतेने. जज भिंग घेऊन यायचे, आधी एका बाजूने वाकून बघायचे, मग दुसऱ्या, आणि आकडा सांगून निघून जायचे. मागे सगळा क्लब खोळंबलेला. मी मनातल्या मनात दात-ओठ खायची. एकदा मी "दहा" म्हटलेला बाण त्यांच्यामुळे नऊ झाला, आणि पुढच्याच एंडला त्यांनी स्वतःचा दहा असाच घालवला. चेहऱ्यावर काही नाही. आमच्या कार्डावरून मात्र कधी वाद झाला नाही, आणि शेजारच्या बटवर व्हायचा. परत येताना त्या बाणाबद्दल एक शब्द बोलायच्या नाहीत. गुडघा किती दुखतो, मुलगा अभ्यास कसा करत नाही, हेच. मला वाटायचं, या मुद्दाम माझं लक्ष उडवतात. आता वाटतं, स्वतःचं डोकं ताळ्यावर ठेवायची ती त्यांची तऱ्हा होती. बाण गेला की तो गेला, त्याच्यावर चर्चा करून पुढचा बिघडतो.

तुझ्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की मारायला सुरुवात, तीन झाल्या की बाण आणायला जायचं. शिट्ट्या वाजतच राहिल्या तर ताबडतोब थांब, बो ओढलेला असला तरी हळूच उतरव. बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही, लिंब फुटतात. वारा असेल तर बटवरच्या झेंडीकडे बघ. नेम पिवळ्यातून बाहेर, लालवर धरावा लागला तर बिनधास्त धर. पहिल्यांदा ते जिवावर येतं. केस आणि कानातले आवर, चेस्ट गार्ड घट्ट बांध. आणि मारत असताना बेरीज करू नकोस.

एखादा बाण वाईट जाईलच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, चाडचा इस्राएल मदाये हा तिरंदाज दक्षिण कोरियाच्या किम वू-जिनसमोर उभा होता. त्याचा एक बाण पांढऱ्यात गेला, गुण एक. सगळ्या जगाने बघितलं. सामना तो ६-० हरला, पण त्या एक गुणानंतरही तो रेषेवर आला आणि पुढचे बाण त्याने मारले. त्याच किमने पुढे अंतिम फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनला शेवटच्या एका बाणावर हरवलं. दोघांचेही दहा, किमचा मध्याच्या ४.९ मिलिमीटर जास्त जवळ. पाच मिलिमीटरसुद्धा नाहीत! तेव्हा रेषेवरच्या बाणाला जज बोलवायला लाजू नकोस, मागे कितीही लोक खोळंबले तरी.

संध्याकाळी कार्डाचा फोटो पाठव, त्यात एम, म्हणजे हुकलेले बाण, असले तरी. बेरीज मी करते.

तुझी,
आई