आमच्या गावच्या आशाताईंस (आशा स्वयंसेविकेस) अनावृत पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या सुनेच्या मणक्याच्या क्षयरोगावरील औषधे जिल्हा रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांनी गेल्या महिन्यात थांबवली. आमच्या मंडळींनी त्यानंतर आपणांस साडीचोळी करण्याचे ठरवले, तेव्हा हे आपले कामच आहे असे म्हणून आपण ती नाकारलीत. म्हणून हे पत्र लिहीत आहे आणि ते चारचौघांनी वाचावे अशी व्यवस्थाही करत आहे, कारण आजार ओळखणाऱ्याचे नाव होते; तो पुरता बरा होईपर्यंत रोज उंबरठा झिजवणाऱ्या माणसाचे सहसा होत नाही.

बाईच्या पाठदुखीला आपल्याकडे आजार मानण्याची पद्धत नाही. भांगलण, दुधाच्या किटल्या, डोक्यावरचा चाऱ्याचा भारा एवढे केल्यावर पाठ दुखायचीच, असे सगळे धरून चालतात. सुनेची पाठ दुखू लागली तेव्हा उसण भरली असेल म्हणून शेक झाला, तेल झाले. खासगी दवाखान्यातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी काही तास बरे वाटे. पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याचेही घरात ठरले होते. त्याच सुमारास आपण नातवाच्या लसीकरणासाठी आलात आणि सुनेला ओट्यावर बसवून एकेक गोष्ट विचारत गेलात. दुखणे कमरेत नसून दोन्ही फऱ्यांच्या खाली मधोमध आहे, आडवे पडूनही ते थांबत नाही, उलट रात्री वाढते. संध्याकाळी अंगात कणकण असते. ब्लाउज सैल होऊ लागले आहेत. हे सगळे आम्हांलाही दिसत होते, परंतु ते एकत्र कोणी मांडले नव्हते. शेवटी आपण विचारलेत की, चालताना चप्पल पायातून निसटली तर लगेच कळते का? कधी कधी कळत नाही, असे ती म्हणाली. त्यावर आपण पायाळूचा बेत मोडून काढलात आणि दुसऱ्याच दिवशी तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेलात.

त्या प्रश्नाचे मोल मला पुढे एमआरआयचा अहवाल समजावून घेताना कळले. क्षयाचे जंतू बहुधा फुफ्फुसातून रक्तावाटे मणक्यात पोहोचतात आणि दोन मणक्यांमधल्या चकतीलगतचे हाड पोखरू लागतात, त्यामुळे शेजारशेजारचे दोन मणके एकदम बाधित होतात. झीज मुख्यतः पुढच्या बाजूची असते. वाळवी लागलेल्या खांबासारखा मणका पुढे खचला की पाठीवर उंचवटा दिसू लागतो, आणि साचलेल्या पुवाचा किंवा ढासळलेल्या हाडाचा दाब मज्जारज्जूवर आला की पायांची जाणीव आणि ताकद कमी होत जाते. अशा पाठीवर कोणी पाय दिला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही मला करवत नाही.

निदानाच्या वेळी घरात बराच गोंधळ उडाला. थुंकीच्या तपासणीत काही सापडले नाही आणि छातीचा एक्स-रेही स्वच्छ निघाला, तेव्हा पाहुण्यांनी टीबी नसल्याचा निर्वाळा देऊन टाकला. थुंकी फुफ्फुसाचे सांगते, हाडाचे नाही, असे आपण दोनच वाक्यांत समजावलेत. पाठीच्या साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीची झीज दिसेलच असे नसते. पुढे एमआरआयमध्ये दोन मणके आणि त्यांभोवतीचा पू दिसला, सुईने नमुना काढला गेला आणि सीबीनॅट या जंतूंची जनुके शोधणाऱ्या तपासणीत क्षयाचे जंतू सापडले. रिफॅम्पिसिन हे औषध त्या जंतूंवर चालेल, हेही त्याच तपासणीने सांगितले. मणका म्हटल्यावर शस्त्रक्रिया आलीच, या धास्तीने सुनेचे आईवडील रडत आले होते. वास्तविक बहुतेक रुग्ण औषधांनीच बरे होतात आणि पायांतील अशक्तपणा वाढत असेल, मणका अस्थिर असेल किंवा औषधांना दाद मिळत नसेल अशांवरच शस्त्रक्रिया करावी, हा मध्यममार्ग वाराणसीचे डॉ. सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ साली आपल्या रुग्णांच्या अनुभवानिशी मांडलेला आहे. सुनेला गोळ्या, पाठीचा पट्टा आणि सुरुवातीची सक्तीची विश्रांती एवढ्यावर निभावले.

परंतु मला आभार मानावयाचे आहेत ते प्रामुख्याने त्यानंतरच्या काळासाठी. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे, मग पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा क्रम होता. फुफ्फुसाच्या साध्या क्षयाला सहसा सहा महिने पुरतात. मणक्याला वर्ष आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. अडचण अशी की रुग्णाला बरे वाटायला एवढा वेळ लागत नाही. तिसऱ्या महिन्यात सुनेचा ताप गेला, पाठ थांबली, वजन वाढू लागले, आणि आता या गरम गोळ्या कशाला, असा सूर घरात निघाला. वेदना थांबणे आणि हाड भरून येणे यांत कित्येक महिन्यांचे अंतर असते, मध्येच औषध सोडले तर उरलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात आणि त्याच औषधांना दाद देईनासे होऊ शकतात, हे आपण न कंटाळता प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलेत. मला, आमच्या मंडळींना, मुलाला आणि फोनवरून सुनेच्या आईलाही. रिकामी पाकिटे मोजून घेतल्याशिवाय आपण उठत नसत. आमच्या मंडळींना याचा सुरुवातीला रागही येई.

काही गोष्टी आपण आधीच सांगून ठेवल्यामुळे घबराट टळली. रिफॅम्पिसिनने लघवीला केशरी रंग येतो, हे माहीत नसते तर पहिल्याच आठवड्यात गोळ्या उकिरड्यावर गेल्या असत्या. इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजरेवर परिणाम होतो आणि लाल-हिरव्यातील फरक कळेनासा होतो, म्हणून आपण दर खेपेस तिच्यापुढे वेगवेगळ्या रंगांच्या बांगड्या धरून रंग विचारत होतात. डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडून उलट्या होऊ लागल्या तर वाट पाहत बसू नका, लगेच कळवा, हेही बजावले होतेत. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या रिफॅम्पिसिनबरोबर भरवशाच्या राहत नाहीत, ही गोष्ट आपण सुनेला आणि मुलाला वेगळे बसवून सांगितलीत. सासऱ्याने हे लिहावे का, असा प्रश्न पडला होता. पण गावातील दुसऱ्या एखाद्या घराला उपयोग होईल म्हणून लिहितो.

भांडी वेगळी करण्याचा विषय निघाला तेव्हा आपण शेजारणींच्या देखत सुनेच्या हातचा चहा घेतलात. फुफ्फुस निर्दोष असताना केवळ मणक्याचा क्षय खोकल्यातून पसरत नाही, हे चहा पिता पिता सांगून झाले. मात्र जंतू तिच्यात कोणाकडून तरी आले असणार, म्हणून आम्हां सर्वांची तपासणी करून घेण्यात आपण जराही सूट दिली नाहीत. क्षयरुग्णांच्या आहारासाठी शासन देते ते निक्षय पोषण योजनेचे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. बँक खात्याच्या घोळात अडकलेले ते पैसे आपण पाठपुरावा करून मिळवून दिलेत आणि त्यांतून अंडी, शेंगदाणे, डाळ येते ना, याचीही चौकशी केलीत.

सुनेच्या पाठीवर बोटाला लागेल एवढा उंचवटा राहिला आहे आणि तो आता जाणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. पायांत पूर्ण ताकद आहे. वाकून भारा उचलायला अजून मनाई आहे आणि पुढील दोन वर्षे ठरल्या वेळी दाखवायला जायचे आहे.

आशा स्वयंसेविकेला शासन पगारी कर्मचारी न मानता कामागणिक मोबदला देते. वर्षभर पाकिटे मोजण्याचा मोबदला कसा ठरवतात हे निवृत्त शिक्षकाच्या हिशेबात बसत नाही, आणि तसे मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना स्वतंत्र पत्राने कळवले आहे. या पत्राची एक प्रत त्यास जोडली आहे. दुसरी प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची परवानगी सरपंचांकडून घेतली आहे. सुनेचे आणि आपले नाव त्यात नाही. आपली हरकत असल्यास गुरुवारपूर्वी निरोप द्यावा.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक