करड्या तारेची गोष्ट

नौपाडा, ठाणे
दि. १९ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याचे कारण तुझ्याही उपयोगाचे असल्यामुळे सविस्तर लिहितो. आपण दोघांनी २०१४ साली एकाच दिवशी लॅमिंग्टन रोडवरून जे दोन संगणक जुळवून आणले होते, त्यांपैकी माझा या महिन्याच्या सुरुवातीला अचानक बंद पडला. दोन्ही पेट्यांतला एकूण एक भाग सारखा आहे. त्यामुळे माझ्याकडे जे झाले ते उद्या तुझ्याकडे साताऱ्यात होऊ शकते.

त्या संध्याकाळी पाऊस धो धो कोसळत होता आणि वीज दोन-तीनदा जाऊन लगेच परत आली. माझ्या यूपीएसची बॅटरी केव्हाच संपली होती, पण बदलू बदलू म्हणत मी ती तशीच ठेवली होती. म्हणजे ते यूपीएस नावापुरतेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचा हिशेब पुरा करायला बसलो आणि बटण दाबले, तर पंखे फिरले, समोरचा निळा दिवा लागला, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे. कोणतीही शिटी नाही, काही नाही. आमची ही म्हणाली, “पंखा फिरतोय म्हणजे वीज येते आहे, तेव्हा मॉनिटरच गेला असणार.” मलाही तेच वाटले, आणि आमची पहिली चूक तीच.

मॉनिटर शेजारच्यांच्या लॅपटॉपला जोडून पाहिला, तो ठणठणीत निघाला. मग मी एक साधी परीक्षा केली, ती लक्षात ठेव. कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबायची आणि तिचा बारीक दिवा लागतो-विझतो का ते पाहायचे. तो दाद देत असेल तर आतला कारभार चालू आहे आणि खोट केवळ चित्र दिसण्यात आहे. माझ्याकडे तो दिवा लागलाच नाही. म्हणजे पंखे फिरत असले तरी प्रोसेसरने काम सुरूच केले नव्हते.

या टप्प्यावर मला सगळ्यात जास्त काळजी हार्ड डिस्कची होती, कारण त्यात हिशेबाबरोबर नातीचे जन्मापासूनचे फोटो आहेत. डिस्क काढून लॅपटॉपला जोडावी म्हणून गोखले रोडवरून एक यूएसबी केसिंग आणले, पण ते लॅपटॉपच्या छोट्या डिस्कसाठीचे निघाले. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचाही पुरवठा लागतो, तो यूएसबीतून मिळत नाही. म्हणून स्वतंत्र अडॅप्टर असलेलेच केसिंग घ्यावे लागते. दुकानदाराने ते बदलून दिले, आणि सगळे फोटो जागेवर आहेत हे पाहिल्यावर त्या रात्री मला झोप लागली.

त्यानंतर पेटी उघडली. धूळ इतकी होती की प्रोसेसरवरच्या पंख्याखाली करड्या रंगाची गादीच झाली होती. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घासल्या आणि दोन्ही बाजूंचे खटके ‘टक्’ वाजेपर्यंत परत बसवल्या. आपल्याकडच्या दमट हवेत त्या कडांवर थर धरतो आणि या एवढ्या उपायाने कित्येक संगणक सुरू होतात. माझा झाला नाही. मग दोन्ही पट्ट्या मुद्दाम काढून टाकून बटण दाबले. रॅमच नसेल तर मदरबोर्डने, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाने, त्याच्या छोट्या स्पीकरमधून शिट्या वाजवून तक्रार करायला हवी. तीही झाली नाही. त्याच भरात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ शेल मी पाच मिनिटे काढून ठेवला, कारण तसे केल्याने बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, स्मृती पुसली जाते आणि अडलेले यंत्र कधी कधी मोकळे होते, असे ऐकले होते. या उद्योगाचा भुर्दंड पुढे भरावा लागला.

शेवटी पेटी रिक्षात घालून दुरुस्तीच्या एका दुकानात नेली. तिथल्या मुलाने एसएमपीएसची, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची, २४ पिनांची जोडणी सुटी केली, हिरवी तार आणि काळी तार यांच्यात वाकवलेली पेपरक्लिप घातली, एसएमपीएसचा पंखा फिरलेला दाखवला आणि निकाल दिला, “काका, पॉवर ओके आहे, बोर्ड गेला.” या पिढीचा मदरबोर्ड नवा मिळत नाही, तेव्हा बोर्डाबरोबर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागेल, म्हणजे जवळजवळ नवाच संगणक. मी विचार करतो म्हणून पेटी घेऊन घरी आलो.

पण ती पेपरक्लिप माझ्या डोक्यातून जाईना. हिरवी तार काळ्या म्हणजे जमिनीच्या (ग्राउंड) तारेला जोडणे म्हणजे एसएमपीएसला ‘चालू हो’ असा हुकूम देणे; त्यावर तो चालू झाला एवढेच कळते. ओझे पडल्यावर तो विजेचा पुरेसा दाब (व्होल्ट) टिकवतो का, हे त्यातून कळत नाही. अंगणात रिकामी बैलगाडी ओढायला लावून बैल दमदार आहे म्हणण्यासारखेच ते झाले. म्हणून मी कपाटातला जुना मल्टिमीटर काढला, सगळ्या जोडण्या परत मदरबोर्डला लावल्या आणि संगणक चालू ठेवूनच मोजायला बसलो. काळी सळई एका काळ्या तारेच्या मागे, तार प्लास्टिकमध्ये शिरते तिथल्या फटीत. आणि लाल सळई एकेका रंगावर. जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट नीट होते. ही तार संगणक बंद असतानाही जागी असते. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. माझा काटा १०.७ दाखवत होता.

आता खरी मेख करड्या तारेत आहे. सगळे दाब ठरल्या मर्यादेत स्थिरावले की एसएमपीएस या तारेवर ५ व्होल्टचा इशारा देतो. मराठीत सांगायचे तर ‘वीज ठीक आहे, आता सुरू कर’. तो इशारा येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रोखून धरतो. पंख्यांना मात्र कोणाच्या परवानगीची गरज नसते, ते १०.७ व्होल्टवरही खुशाल फिरतात. मी लाल सळई करड्या तारेवर टेकवली आणि मीटरवर शून्याच्या आसपास आकडा आला. इतके दिवस जे कोडे होते ते त्या एका आकड्यात सुटले. बोर्ड निर्दोष होता. बिचारा आज्ञेची वाट पाहत बसला होता.

शेजारच्या मुलाकडून त्याचा एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणला, तारा लावल्या, बटण दाबले, आणि एक बारीक शिटी वाजली. ही स्वयंपाकघरातून धावत आली.

आनंद मात्र दहा सेकंदच टिकला. विंडोज उघडता उघडता निळा पडदा आला आणि त्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. हा प्रताप माझाच. शेल काढल्यामुळे बायोसमधल्या सगळ्या नोंदी कारखान्यातल्या स्थितीत गेल्या होत्या, तारीखसुद्धा १ जानेवारी २०१३ झाली होती. इथे तू उपयोगी पडलास. आपल्या त्या बिलाच्या मागे तू पेन्सिलीने लिहून ठेवले होतेस, “साटा मोड : आयडीई ठेवला आहे.” साटा मोड म्हणजे संगणकाची डिस्कशी बोलण्याची पद्धत. नव्या नोंदीत तो एएचसीआय झाला होता, आणि ज्या पद्धतीत विंडोज बसवले त्याहून वेगळी पद्धत समोर आली की त्याला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही. बायोसमध्ये जाऊन ते परत आयडीई केले आणि विंडोज उघडले. तारीख सुधारायला विसरलो होतो, म्हणून बँकेची वेबसाइट ‘प्रमाणपत्र अवैध’ म्हणून अडून बसली. २०१३ सालात बसून आजचे प्रमाणपत्र पाहिले तर ते अजून सुरूच झालेले नसते. शेल मोजला तर २.६ व्होल्ट, नवा असतो ३ चा, तोही बदलला.

नवा एसएमपीएस अडीच हजारांना आला, आणि यूपीएसची बॅटरीही त्याच दिवशी बदलली. जुना उघडून पाहण्याचा मोह मी आवरला, तूही आवर: आपले २३० व्होल्ट आत सरळ केल्यावर सुमारे ३२५ होतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये साठून राहतात. तेच कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून वाळले असावेत, असा माझा अंदाज आहे.

तुझ्या पेटीत त्याच दिवशी घेतलेला तसाच एसएमपीएस बसला आहे. तुझा संगणक चालतो आहे तोवरच पिवळ्या तारेवर किती व्होल्ट येतात ते मोजून मला कळव. सळई टेकवताना दोन तारांना एकदम लागू देऊ नकोस. ११.५ च्या जवळ आकडा आला तर एसएमपीएस बदलायला वेळ लावू नकोस, आणि त्याआधी डिस्कवरचे सगळे दुसरीकडे उतरवून ठेव. तुझ्याकडे मल्टिमीटर नसेल तर गणपतीत येताना मी माझा घेऊन येतो. बिलाचा फोटो काढून सोबत पाठवत आहे, मागची बाजूसुद्धा.

वहिनींना नमस्कार.

तुझाच