एजंटची दलाली आणि घराचे कागद

सांगली

प्रिय मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, मालकांचा नंबर मिळालाय, मग एजंटला 80 हजार कशाला द्यायचे?" तेव्हा पाहुणे होते, म्हणून आज सवडीने लिहिते.

ज्याने चार रविवार तुला कोथरूड-कर्वेनगर फिरवलं, हाच फ्लॅट दाखवला, त्याला डावलून मालकांना गाठणं मला पटत नाही. 80 लाखांवर 1 टक्का काही जास्त नाही, काही जण 2 टक्के मागतात. वर जीएसटी लावणार का, तेवढं आधी विचार. आकडा व्हॉट्सॲपवर लिहून घे आणि पैसे खरेदीखत नोंदवल्या दिवशी दे.

पण कागद त्याच्या भरवशावर सोडू नकोस. 1997 साली आपलं हे घर घेताना एजंट म्हणाला होता, "कागद क्लिअर आहेत वहिनी." बाबांनी 50 हजार विसार दिला. मग कळलं, मालकाने घर एका पतसंस्थेकडे गहाण ठेवलंय. आठ महिने व्यवहार अडकला. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस, मला रात्र रात्र झोप लागायची नाही. एजंट लबाड नव्हता गं. त्याने कागद पाहिलेच नव्हते, आणि आम्हीही विचारलं नाही.

व्यवहार झाला तरच एजंटला पैसे मिळतात. "हे घर घेऊ नका" असं त्याने कशाच्या जोरावर सांगावं? वकिलाला मात्र व्यवहार होवो न होवो, फी मिळतेच. म्हणून वकील तुझा तू शोध, एजंटने सुचवलेला नको. 30 वर्षांचा सर्च (म्हणजे घराच्या जुन्या नोंदींचा शोध), आधीचे सगळे करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) हे तो बघेल. घरावर कुणाचा हक्क असेल तर कळवा, अशी पेपरात जाहीर नोटीसही द्यायला सांग. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा गोषवारा, नोंदणी खात्याच्या साइटवर तुलाही बघता येईल, पण नोंद न केलेलं कर्ज तिथे दिसत नाही. कर्ज देताना बँक मूळ करार ठेवून घेते, म्हणून तो हातात घेऊन बघ. झेरॉक्स दाखवली की विचार, मूळ प्रत कुठे आहे? बँकेत असेल तर किती कर्ज बाकी आहे, त्याचं बँकेचंच पत्र माग. हे झाल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, मालक कितीही घाई करोत.

एजंटकडे महारेराचा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर आहे म्हणालीस. चांगलंच आहे. पण रेराची ती नोंदणी बिल्डरांच्या नोंदलेल्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी लागते. वीस वर्षं जुन्या रीसेल फ्लॅटच्या कागदांची हमी त्यातून मिळत नाही.

आणखी एक. घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे दलालीएवढीच रक्कम वाचते. जावईबापूंचं नाव घातलं तर ती मिळत नाही. दोघं बसून ठरवा, मी मध्ये पडत नाही.

मूळ कागद बघायला जाशील तेव्हा मात्र मला कळव. सकाळच्या गाडीने येते.

तुझी,
आई