खेळणाऱ्यांना न विचारता खेळाची वेळ ठरवणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय उच्चशिक्षण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

डिजिटल गेम आणि ते खेळणारी माणसं हा माझ्या पीएच.डी.चा विषय. या विषयाला स्वतंत्र निधी देऊ, गेम कंपन्यांकडची माहिती संशोधकांना मिळवून देऊ, असा शब्द आपण भर परिषदेत दिला होता. टाळ्या आम्हीच वाजवल्या. परवा माझ्या शिष्यवृत्तीची फाईल परत आली. शेरा एका ओळीचा: 'विषय शैक्षणिक स्वरूपाचा वाटत नाही.' त्याच आठवड्यात मुलांच्या गेमिंगला वेळेचं बंधन घालण्यासाठी आपण समिती जाहीर केलीत. तिच्यात कंपन्यांचे प्रतिनिधी आहेत, अधिकारी आहेत, एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत. गेमचा अभ्यास करणारं कुणी नाही, आणि खेळणारं तर नाहीच नाही.

विषय शैक्षणिक नाही म्हणता? डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी खेळ आणि संस्कृतीवर ग्रंथ लिहिला तो १९३८ साली. डिजिटल गेमच्या अभ्यासाला वाहिलेलं 'गेम स्टडीज' हे नियतकालिक २००१ पासून निघतं आहे. शेरा मारणाऱ्याने निदान गुगल तरी करायचं!

आता आपलं ते वेळेचं बंधन. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले आणि दहा वर्षांनी तो कायदा गुंडाळायचं ठरवलं. चीनने २०१९ मध्ये मुलांचे तास कापले. पुढे संशोधकांनी ७ अब्ज तासांहून अधिक खेळाच्या नोंदी तपासल्या, तरी अतिखेळणं कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही. ऑक्सफर्डच्या मंडळींनी सुमारे ३९ हजार खेळाडूंच्या नोंदी थेट कंपन्यांकडून घेतल्या. खेळायच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. उलट लूट बॉक्स बघा, म्हणजे आत काय निघेल हे न कळता पैसे मोजून उघडायची गेममधली पेटी. २०१८ च्या ७,४२२ खेळाडूंच्या पाहणीत, जुगाराची समस्या जितकी गंभीर तितका लूट बॉक्सवरचा खर्च जास्त, असं आढळलं. तुमचं घड्याळ तिथे काय करणार? आणि ज्यांच्या गल्ल्यात तो पैसा पडतो, ते समितीत मानाने बसलेत.

गेमिंगचा विकार नसतोच, असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद केली आहे, २०२२ पासून ती लागूही आहे. पण जगात तीनेक अब्ज लोक गेम खेळतात म्हणे (आकडा थोडा इकडेतिकडे असेल), त्या सगळ्यांना रुग्ण धरूनच चालायचं का?

माझं म्हणाल, तर संशोधनासाठी घेतलेल्या गेमचं बिल लेखा विभागाने 'करमणूक खर्च अमान्य' म्हणून परत पाठवलं. विद्यापीठाच्या नेटवर्कवर गेमिंगच्या साइट बंद, म्हणून माझं क्षेत्रकार्य रात्री घरून, माझ्या मोबाइल डेटावर. ज्याचं फक्त टोपणनाव माहीत आहे अशा खेळाडूची संमती घ्यायची कशी, या प्रश्नावर नैतिकता समितीने फाईल अडवून ठेवली. तेवढ्यात कंपनीने त्या गेमचा सर्व्हरच बंद केला. शेवटच्या रात्री गिल्डमधले, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटातले, सगळे गेममधल्या एका चौकात जमले. कुणी वस्तू वाटून टाकत होतं, कुणी नुसतंच उभं होतं. एकाने लिहिलं, 'उद्या कुठे भेटायचं?' मी तिथे हजर होते आणि त्यातली एक ओळ मला प्रबंधात घेता येत नाही, कारण परवानगी टेबलावर होती. अजून तिथेच असेल.

मध्यंतरी एका वरिष्ठांनी प्रेमाने सल्ला दिला: "विषय 'गेमचे दुष्परिणाम' असा कर, अनुदान लगेच मिळेल." म्हणजे निष्कर्ष आधी, संशोधन मागाहून! फक्त गेमचंच नाही, सगळीकडे हेच चाललंय. अहवाल आधी लिहून ठेवायचा आणि मग समिती नेमायची. आम्ही तासिका तत्त्वावर शिकवायचं, मानधनासाठी खेटे घालायचे आणि तुमच्या भाषणात 'देशाचं भवितव्य' म्हणून झळकायचं.

मागणी फार मोठी नाही. मुलांच्या वेळेला हात घालण्याआधी, ओळख काढून टाकलेल्या खेळाच्या आणि खर्चाच्या नोंदी संशोधकांना देणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक करा. समितीत दोन संशोधक घ्या, दोन खेळाडू घ्या, त्यातला एक तरी शाळकरी असू द्या. माझी फाईल पुन्हा उघडा, आणि नाकारायचीच असेल तर कारण दोन ओळींचं तरी द्या.

उत्तर पाठवलंत तर त्यावर सही आपली असू द्या. कक्ष अधिकाऱ्यांच्या सह्यांचा माझ्याकडे भरपूर साठा आहे.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी